संततिनियमन : निर्णय कोणाचा?

सन १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्यांचे वय त्या वेळी अवघे सत्तावीस होते आणि मागे नऊ वर्षांचा मुलगा उरला होता. त्या काळच्या महाराष्ट्रात हा प्रसंग दुःखाचा खरा, पण नवलाचा नव्हे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे जुन्या बायका म्हणत. आणि जिला तो दुसरा जन्म लाभला नाही, तिच्याविषयी ‘अहेवपणी गेली, सोने झाले’ असे म्हणून शेजारपाजार घरी परतत असे. ज्या समाजाने मरणालाच भाग्य म्हणून टाकले, त्याने त्या मरणाचे कारण शोधण्याची खटपट फारशी केली नसावी, हे ओघानेच आले.

पत्नीच्या पश्चात कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला, त्यापायी बहिष्कार सोसला आणि पुढचा सारा जन्म स्त्रीशिक्षणाला वाहिला. तो इतिहास सर्वश्रुत आहे. मागे राहिलेला तो मुलगा म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यानेही आपले आयुष्य एका कार्याला वाहिले; पण ते कार्य असे, की त्याचे नाव चारचौघांत उच्चारण्याची सोय नव्हती. आईचा मृत्यू आणि मुलाचे कार्य यांचा धागा जोडण्याचा मोह चरित्रकाराला सहज होईल. परंतु रघुनाथराव भावनेपेक्षा हिशेबाने चालणारे होते. ते गणिताचे प्राध्यापक होते. एखादा सिद्धांत पटला की त्याची उपसिद्धांते लोकांना रुचतात की नाही, याची फिकीर गणिती करीत नाही. आणि त्यांच्या साऱ्या वैऱ्यांनी त्यांच्यावर जो राग धरला, त्याचे मूळ बहुधा याच स्वभावात होते.

सन १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला मेरी स्टोप्स बाईंचा दवाखाना उघडला होता. म्हणजे ज्या बाबतीत विलायतेच्या मागे पन्नास वर्षे असण्याची आपल्याला सवय, त्या बाबतीत मुंबई लंडनच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. आणि त्याचे श्रेय कोणत्याही सरकाराला, नगरपालिकेला वा वैद्यकसंस्थेला जात नाही. ते जाते एका माणसाला व त्याच्या पत्नीला. मालतीबाई कर्वे शाळेत शिकवीत असत. रघुनाथराव विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. परंतु या विषयावर ते उघड बोलू व लिहू लागले तेव्हा ती नोकरी सुटली, आणि त्यानंतर घरचा गाडा बव्हंशी मालतीबाईंनी ओढला. या दांपत्याने विचारपूर्वक स्वतःला अपत्य होऊ दिले नाही. लोकांना सांगावे एक आणि आपण करावे दुसरे, हा प्रकार त्या घरी नव्हता.

त्या केंद्रात मिळे तरी काय? आजच्या मानाने फार थोडे. स्त्रीने वापरावयाची रबरी टोपी, औषधात भिजवलेला स्पंज, पुरुषाने वापरावयाचे रबरी आवरण, आणि या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती. गर्भ केव्हा राहतो, कसा राहतो, काय केले असता राहत नाही, हे मराठीत स्वच्छपणे सांगणारा माणूस. ही रबरी साधने बहुतेक परदेशातून येत आणि त्यांची किंमत गिरणीकामगाराच्या बायकोला परवडणारी नव्हती. पण ज्ञानाला मोल पडत नव्हते. १९२३ मध्ये त्यांनी ‘संततिनियमन’ या विषयावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक काढला. हे मासिक त्यांनी स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, सव्वीस वर्षे चालवले. एवढ्या काळात ते कधी नफ्यात आले नाही. लेख मिळवणे, मुद्रिते तपासणे, अंक टपालात टाकणे ही कामे संपादकाच्याच अंगावर पडत.

त्या मासिकातील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारले तर एखाद्याने त्यातील तात्त्विक लेखांकडे बोट दाखवावे. खरे पाहता तो मान वाचकांच्या पत्रांना आणि त्यांच्या उत्तरांना द्यावयास हवा. ज्या गोष्टी नवरा बायकोला विचारू शकत नव्हता, मुलगा बापाला विचारू शकत नव्हता आणि रोगी डॉक्टरला विचारू शकत नव्हता, त्या गोष्टी लोक पोस्टाने या संपादकाला विचारीत. तो उत्तरे छापी. उत्तर लहान असे, कोरडे असे, प्रसंगी फटकळही असे. पण प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवणारे ते कधीच नसे. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांनी पुढे ज्याला जनतेच्या गरजांची पाहणी म्हटले, तिची पहिली मराठी कागदपत्रे या पत्रव्यवहारात पडलेली आहेत.

आणि नेमक्या याच भागाने त्यांना न्यायालयात नेले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झालाच होता. १९३४ मध्ये पत्रोत्तरांबद्दल अश्लीलतेचा दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्यांच्या हक्कांचे, गोलमेज परिषदेचे आणि पुणे कराराचे ओझे ज्यांच्या शिरावर नुकतेच पडून गेले होते, त्यांनी एका गणितज्ञाच्या बदनाम मासिकासाठी वेळ का काढावा, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. बाबासाहेबांचा युक्तिवाद सरळ होता. लोक आपल्या शरीराविषयी प्रामाणिकपणे प्रश्न विचारतात आणि संपादक त्यांना त्याच प्रामाणिकपणे उत्तर देतो. प्रश्न कोणाला विकृत वाटला, तरी विकृती घालवण्याचा उपाय ज्ञानाशिवाय दुसरा कोणता? न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. वकील हरले, पण खटल्यातून एक गोष्ट इतिहासजमा झाली, ती म्हणजे या दोन माणसांची भेट एका तत्त्वावर झाली होती.

त्या तत्त्वाला विरोध केवळ सनातन्यांचा होता असे समजणे चुकीचे होईल. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई भारतात आल्या आणि वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींना स्त्रियांच्या हालअपेष्टांची जाणीव नव्हती असे कोणी म्हणणार नाही. वारंवारच्या बाळंतपणांनी बाई खंगते, हे त्यांना मान्य होते. पण त्यावरचा त्यांचा उपाय एकच, संयम. आणि साधने आली की पुरुषाच्या वासनेला बांध उरणार नाही, ही त्यांची भीती. बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे, असे ते सांगत. हा सल्ला उदात्त होता. परंतु नकार देऊन ती बाई रात्री कोणत्या घरी झोपणार होती, याचा विचार त्यात पुरेसा झालेला दिसत नाही. कर्वे तर संयमाच्या उपदेशाला सरळच निरुपयोगी म्हणत. सँगर बाई वर्ध्याहून पुढे त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेस गेल्या. तेथे बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. तो ठराव करणाऱ्या बहुतेक गांधीजींना मानणाऱ्याच होत्या, हे विशेष.

याहून अधिक विचार करावयास लावणारा प्रसंग १० नोव्हेंबर १९३८ चा. त्या दिवशी मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद रोहम यांनी सरकारने संततिनियमनाचा प्रसार करावा व त्याची साधने उपलब्ध करून द्यावीत, असा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी सिद्ध केलेले होते. त्यात दारिद्र्याचा हिशेब होता, वाढत्या लोकसंख्येचा होता, दुबळ्या प्रजेने समाजाला काही लाभ नाही असा त्या काळच्या सुप्रजाशास्त्राचा सूरही होता. तो सूर आजच्या कानाला खटकतो आणि खटकावाच; त्याच सुप्रजाशास्त्राने युरोपात पुढे काय अनर्थ केला हे जगाने पाहिले आहे. परंतु या भाषणाचा कणा निराळा होता. बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर गर्भधारणा टाळण्याचे सामर्थ्य तिच्या हाती असले पाहिजे आणि संतती होणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषाला भोगाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला तो राजी झाला नसता, असा टोलाही त्यात होता. ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती त्यांच्यापैकी त्या सभागृहात फारच थोड्या बसल्या होत्या.

१९४६ च्या भोर समितीने आपल्या अहवालात देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया प्रसूतीच्या कारणाने मरतात असा अंदाज दिला. दोन लाख! त्या काळी एखाद्या मोठ्या शहराची जितकी वस्ती, तितक्या बाया दर वर्षी. कायदेमंडळात १९३८ मध्ये ठराव पडला तो या पार्श्वभूमीवर, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, आणि पालटले ते फार झपाट्याने. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. धनवंती रामा राव आणि आवाबाई वाडिया या त्याच्या धुरीण. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. सरकारी धोरण म्हणून हा विषय स्वीकारणारा भारत हा पहिल्या देशांपैकी होता. नोव्हेंबर १९५२ मध्ये नियोजित पितृत्वाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली आणि आजचा जागतिक महासंघ तेथेच जन्मला. वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव वारले. त्यांनी एकट्याने उचललेला दगड आता सरकारी गाडीवर चढला होता.

संशोधनही सुरू झाले. त्या वेळच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी असल्याने कृत्रिम साधनांविषयी त्यांच्या मनात अढी होती. म्हणून दिल्लीची एक वसाहत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे ‘सुरक्षित दिवसां’च्या पद्धतीचा प्रयोग झाला. दिवस मोजता यावेत यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. रोज एक मणी सरकवायचा. रंग पाहून तो दिवस धोक्याचा की बिनधोक ते ओळखायचे. कल्पना सुरेख होती, निकाल मात्र निराशाजनक लागला. मणी सरकवणे बाईच्या हाती होते; त्या रात्रीचा निर्णय तिच्या हाती नव्हता. १९५४ मध्ये मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने संततिप्रतिबंधक साधनांची चाचणी करणारे केंद्र निघाले. त्यातूनच १९७० मध्ये प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकर आणि त्यांचे सहकारी नाशिक, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतील खेड्यांत जाऊन किती मुले झाली, किती जगली, किती हवी होती याची घरोघर विचारपूस करीत होते. १९६० नंतर महाराष्ट्रात भरलेल्या पुरुष नसबंदीच्या शिबिरांचाही दांडेकरांनी अभ्यास केला. शस्त्रक्रिया झाली, येथे सरकारी काम संपत असे. त्यानंतर त्या माणसाचे काय झाले, हे विचारणारा संशोधक हवा होता आणि तो पुण्यात होता.

रघुनाथरावांचा वारसा प्रत्यक्ष चालवला तो त्यांच्याच नात्यातील शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेतले, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम केले, ‘कुंकू’ चित्रपटात भूमिका केली आणि १९३८ च्या सुमारास कुटुंबनियोजनाच्या कामाला वाहून घेतले. गावोगाव हिंडून बायकांशी बोलणे हा त्यांच्या कार्याचा गाभा. १९५८ ते १९६४ त्या महाराष्ट्र विधान परिषदेवर होत्या, नंतर राज्यसभेवर. १९३८ च्या सभागृहात ज्या आवाजाची उणीव होती, तो आवाज वीस वर्षांनी सभागृहात पोहोचला.

पण सरकारी गाडीला सरकारी चाकोरीच लाभते. १९६५ मध्ये ‘लूप’ आला. पहिल्या दोन वर्षांत लाखो बायकांना तो बसवण्यात आला. बसवणारे हात होते, बसवल्यानंतर होणारा रक्तस्राव पाहणारे हात पुरेसे नव्हते. म्हणून अफवा उठल्या आणि लूप बदनाम झाला. १९६६ पासून प्रत्येक जिल्ह्याला, प्रत्येक आरोग्य केंद्राला वर्षाचे उद्दिष्ट ठरवून देण्याची पद्धत पडली. मुंबईत डॉ. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली, तीही याच सुमारास. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगला. उद्दिष्ट म्हणजे आकडा, आणि आकडा पुरा झाला नाही तर कर्मचाऱ्याला जाब. त्यामुळे केंद्रात आलेली व्यक्ती ही बाई किंवा पुरुष न राहता ‘केस’ झाली. हा शब्द आरोग्यखात्यात असा रुळला, की खेड्यातही शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या माणसाला लोक सहज ‘केस’ म्हणू लागले.

या वाटेच्या शेवटी आणीबाणी होती. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकाराला मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी, अशी त्यातील तरतूद. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर तो विषय संपला. पण असे विधेयक मंजूर करणारे पहिले विधिमंडळ कर्व्यांच्या महाराष्ट्राचे असावे, ही गोष्ट मनाला लागते. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सुमारे ६२ लाख पुरुष होते. त्यानंतर जनतेने मतपेटीतून जे उत्तर दिले ते पुढाऱ्यांनी ऐकले. मात्र त्याचा परिणाम विचित्र झाला. पुरुषाच्या वाटेला जाण्याचे धाडस कोणत्याही सरकारला उरले नाही आणि सारा भार बायकांवर आला. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, वरवरच्या भुलीची. बाईची पोट उघडून वा दुर्बीण घालून. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि ज्यांच्या नवऱ्यांची झाली होती त्यांचे प्रमाण हजारांत तीन. सक्तीचा राग पुरुषांना आला, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

नको असलेला गर्भ राहिला तर काय, हा प्रश्न या सर्वांच्या कडेला उभा होता. इंग्रजी अमदानीच्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हा होता. बाईचा जीव वाचवण्यापुरताच अपवाद. परिणामी विहीर, चोरून दिलेला काढा आणि अडाणी हाताने घातलेली काडी या तीन वाटा उरत. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. संततिप्रतिबंधक साधन निकामी ठरून गर्भ राहिला तर तेही कारण मानावे, असे त्या कायद्यात होते. पण ते ‘विवाहित स्त्री अथवा तिचा पती’ यांच्यापुरतेच. या पाच शब्दांतून बाहेर पडायला पन्नास वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री अथवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क असल्याचे स्पष्ट केले. पत्रोत्तरांबद्दल दंड भरणाऱ्या संपादकाला या निकालाने नवल वाटले नसते.

दरम्यान गडचिरोलीतून एक संशोधन जगापुढे आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा गुप्तरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. सरकारी यंत्रणा तीस-पस्तीस वर्षे त्याच बायकांच्या दारी लूप आणि शस्त्रक्रिया घेऊन जात होती. बाई तुला काही दुखते का, एवढे मात्र कोणी विचारले नव्हते. कुटुंबनियोजनाच्या सेवा बाईच्या एकूण आरोग्यापासून तोडून देता येत नाहीत, हा विचार पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने स्वीकारला आणि १९९६ मध्ये भारत सरकारने वरून लादलेली उद्दिष्टे मागे घेतली. तो विचार घडवण्यात गडचिरोलीचा वाटा मोठा आहे.

गडचिरोलीच्या पलीकडे चंद्रपूर आणि चंद्रपूरची सीमा ओलांडली की आदिलाबाद. त्या जिल्ह्यात उटनूरच्या बाजूला नार्नूर आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, माणसे तीच राहिली. गोंड, कोलाम, लंबाडे आणि मराठी बोलणारे शेतकरी तेथे शेजारी नांदतात. बाजाराच्या दिवशी गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी आणि तेलुगू अशा पाच भाषा एका वाटेवर ऐकू याव्यात, असा तो भाग. तेथून जवळच मारलवाईला १९४० नंतर हायमेनडॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ गोंडांत राहून गेला. निजामाच्या कारभारात त्याने १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी शाळा काढली तेव्हा गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, कारण त्या मुलखात मराठीचा वावर होता. मुलाला त्याच्या भाषेत शिकवावे, हे तेथे ऐंशी वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. त्याच्या आईला तिच्या भाषेत सांगण्याचा प्रश्न अधिक अवघड ठरला.

तो किती अवघड, याचा एक दाखला त्याच राज्यातला आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे संततिप्रतिबंधक इंजेक्शनाची चाचणी व्हायची होती. जमलेल्या बायकांना आपण एका प्रयोगात भाग घेणार आहोत याची कल्पना दिलेली नव्हती. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरल्यावर त्यांना ते सांगितले गेले. प्रकरण १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निराळ्या घटकाचे, पण अशाच प्रकारचे इंजेक्शन २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागले. साधन वाईट होते असे कोणी म्हणत नाही. काही बायकांना ते फार सोयीचे आहे. तीन महिने घरात कोणाला न सांगता निर्धास्त राहता येते. पण ते टोचल्यावर पाळी अनियमित होऊ शकते, बंदही पडू शकते, आणि हे जिला आधी सांगितलेले नाही ती घाबरून जाते, पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. लूपच्या वेळी झाले ते हेच.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकण्यात आली आणि त्यानंतर १३ जणी दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. त्याच निकालात एक बारीकशी वाटणारी सूचना आहे. संमतीचा कागद स्थानिक भाषेत असावा, शस्त्रक्रियेचे परिणाम त्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगावेत, आणि सही करण्यापूर्वी विचार करायला तिला तासभर तरी वेळ द्यावा. तासभर! उद्दिष्टांच्या काळात एका तासात जेवढ्या शस्त्रक्रिया होत, त्या आठवल्या म्हणजे या तासाची किंमत कळते.

आजचे आकडे काही बाबतींत समाधान देणारे आहेत. २०१८-२० च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचे प्रमाण देशात ९७ होते, तेलंगणात ४३ आणि महाराष्ट्रात ३३. राधाबाई कर्वे यांच्या पिढीला हे आकडे कोणी सांगितले असते तर कीर्तनातली कथा वाटली असती. परंतु जिल्ह्याची, राज्याची सरासरी डोंगरातल्या पाड्याला लागू पडतेच असे नाही. आणि नार्नूरच्या आरोग्य केंद्रात बाकावर बसलेल्या कोलाम बाईपुढे संमतीचा कागद येतो, तेव्हा न्यायालयाने सांगितलेली स्थानिक भाषा कोणती धरायची, हे ठरवावे लागते. राज्याची भाषा तेलुगू. बाजाराची मराठी. शेजारणीची गोंडी. तिची स्वतःची कोलामी, आणि त्या भाषेला छापखाना फारसा ठाऊक नाही. मग तो तास उपयोगात यावा तर तिच्याशी तिच्या भाषेत बोलू शकणारी बाई तेथे बसलेली असावी लागते, आणि तीही घाईत असून चालत नाही.